पेशीतील ऊर्जानिर्मिती आणि जीवनसत्त्वजन्य सहविकरे

चिकित्सालयात येणाऱ्या ज्या रुग्णाच्या व्याधीस चटकन नाव देता येत नाही, त्याची तक्रार बहुधा एकाच शब्दात सामावलेली असते – ‘थकवा’. औषधी दुकानात हीच तक्रार ‘काहीतरी ताकदीचे द्या’ अशा शब्दांत येते आणि दुकानदार बहुतेक वेळा बी-कॉम्प्लेक्सची पट्टी पुढे करतो. रुग्णाची समजूत अशी असते की या गोळीत ‘ताकद’ आहे व ती पोटात गेली की अंगात उतरेल. वस्तुस्थिती निराळी आहे. जीवनसत्त्वे हे इंधन नव्हे. पिष्टमय पदार्थ, स्नेह आणि प्रथिने यांप्रमाणे ती जाळून पेशीला उष्मांक मिळत नाहीत. असे असताना त्यांच्या अभावी धडधाकट मनुष्य अंथरुणास का खिळतो, आणि अभाव नसताना ती कितीही घेतली तरी बळ का वाढत नाही, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पदवी अभ्यासक्रमात क्रियाशारीराच्या परीक्षेपुरते पाठ केलेले क्रेब्ज चक्र व्यवसायात कोठे उपयोगी पडते, हेही त्या ओघात दिसून येईल.

ऊर्जेचे चलन

मोठ्या रकमेची नोट घेऊन भाजीबाजारात गेल्यास कोणी सुटे देत नाही. पेशीचीही तीच अडचण आहे. ग्लुकोजच्या एका रेणूत साठलेली ऊर्जा एकदम बाहेर पडली तर तिचा बहुतांश भाग उष्णतेच्या रूपाने वाया जाईल. म्हणून पेशी ती टप्प्याटप्प्याने मोकळी करते आणि अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, अर्थात एटीपी, या सुट्या चलनात बदलून घेते. स्नायूंचे आकुंचन, चेतातंतूंतील संवेदनावहन, प्रथिनांची निर्मिती, वृक्कातील पुनःशोषण हे सर्व व्यवहार याच चलनात होतात. एटीपीचा साठा मात्र अत्यल्प असतो. तीव्र श्रमात स्नायूतील साठा काही सेकंदच पुरतो. त्यामुळे तोच रेणू दिवसभरात असंख्य वेळा मोडला जातो व पुन्हा घडविला जातो.

या रेणूच्या शोधाशी आपल्या शास्त्राचा एक धागा जुळलेला आहे. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्क व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूंमधून एटीपी वेगळे केले. भीमवरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले हे सुब्बाराव अमेरिकेस जाण्यापूर्वी मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शारीर शिकवीत असत. पुढे फॉलिक आम्लाच्या संश्लेषणाचे कार्यही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाले. आपल्या महाविद्यालयांतून त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

रहाटगाडग्याचा दृष्टान्त

ग्लुकोजचे पहिले विघटन पेशीद्रवात, प्राणवायूवाचून होते. त्यातून पायरुव्हेटचे दोन रेणू आणि एटीपीचे अवघे दोन रेणू निव्वळ मिळतात. खरी मिळकत त्यापुढे, तंतुकणिकेत होते. तेथे पायरुव्हेटचे अॅसिटिल कोएन्झाइम-ए मध्ये रूपांतर होऊन ते क्रेब्ज चक्रात प्रवेश करते. स्नेहातील मेदाम्ले व काही अमिनो आम्लेही निरनिराळ्या वाटांनी याच चक्रात येऊन मिळतात. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली मांडलेल्या या चक्रात प्रत्यक्ष एटीपी फारसे तयार होत नाही. चक्राचे मुख्य काम म्हणजे इंधनातील हायड्रोजन, म्हणजेच त्यासोबतचे इलेक्ट्रॉन, काढून वाहकांच्या स्वाधीन करणे. हे वाहक तो भार तंतुकणिकेच्या आतील पटलावरील साखळीपर्यंत नेतात. साखळीच्या अखेरीस प्राणवायू उभा असतो आणि तेथे पाणी तयार होते. आपण श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूचे मुख्य प्रयोजन हेच.

या साखळीतून इलेक्ट्रॉन उतरत असता त्यांच्या ऊर्जेवर हायड्रोजन आयन पटलाच्या एका बाजूस उपसले जातात. कोयनेच्या धरणात अडविलेले पाणी उंचावरून जनित्राच्या चाकावर सोडावे, त्याप्रमाणे हे साठलेले आयन एटीपी तयार करणाऱ्या विकरातून परत येतात. ते विकर खरोखरच चाकाप्रमाणे फिरते व त्या फिरण्यातून एटीपी घडते. पीटर मिचेल यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली, तेव्हा बहुतेक सहकाऱ्यांना ती विलक्षण वाटली. १९७८ मध्ये तिलाच नोबेल पारितोषिक मिळाले. सर्व हिशोब धरून ग्लुकोजच्या एका रेणूपासून सुमारे ३० ते ३२ एटीपी हाती येतात असे आज मानले जाते.

आता वाहकांकडे वळू. एनएडी हा वाहक नियासिनपासून, म्हणजे जीवनसत्त्व बी-३ पासून, बनतो. एफएडी रायबोफ्लेविनपासून (बी-२), कोएन्झाइम-ए पँटोथेनिक आम्लापासून (बी-५) आणि थायमिन पायरोफॉस्फेट बी-१ पासून. विकर ही प्रथिने असून ती शरीर स्वतः रचते. परंतु विकरास जोडून काम करणारे हे सहविकरांचे अवजार मात्र आहारातून आलेल्या जीवनसत्त्वाचेच असावे लागते.

रहाटाला बांधलेली गाडगी रिकामी खाली जातात, भरून वर येतात, पन्हाळीत ओततात आणि पुन्हा खाली जातात. गाडगी स्वतः पाणी नव्हेत. दहा-वीस गाडगी दिवसभरात मळा भिजवितात. सहविकरांचे अगदी असेच आहे. एनएडी इलेक्ट्रॉन उचलतो, साखळीवर रिकामा करतो व परत येतो. म्हणूनच रोज शेकडो ग्रॅम धान्य लागत असले तरी थायमिन मिलिग्रॅमच्या आसपासच लागते. चार गाडगी फुटली तर विहीर तुडुंब भरलेली असूनही मळा वाळतो. उलट, रहाटावर मावतील तेवढी गाडगी आधीच बांधलेली असतील तर आणखी शंभर विकत आणून विहिरीच्या काठावर रचल्याने पाणी वाढत नाही. आरंभीच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यात आहे. जास्तीची ‘ब’ वर्गातील जीवनसत्त्वे बव्हंशी मूत्रावाटे निघून जातात.

एक अरुंद दरवाजा

पायरुव्हेट तंतुकणिकेत आल्यावर त्याचे अॅसिटिल कोएन्झाइम-ए करणारे पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हे विकरसंकुल वैद्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. त्यास पाच सहविकरे लागतात : थायमिन पायरोफॉस्फेट, लिपोइक आम्ल, कोएन्झाइम-ए, एफएडी आणि एनएडी. पैकी लिपोइक आम्ल शरीर स्वतः बनविते, उरलेली चार जीवनसत्त्वांपासून येतात. पाचांपैकी एक जरी कमी पडले तरी दरवाजा अडतो, पायरुव्हेट मागे तुंबते, त्याचे लॅक्टिक आम्ल होते आणि पेशीला ग्लुकोजच्या बत्तीसऐवजी दोनच एटीपींवर भागवावे लागते.

ज्या अवयवांची भूक सर्वांत मोठी, ते प्रथम ढासळतात : मेंदू, चेतातंतू आणि हृदय. बेरीबेरी म्हणजे हेच. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान यांनी पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना पाय लुळे पडताना पाहिले, तो काळ १८९० च्या दशकातला. तेथेच १९२६ साली यान्सेन व डोनाथ यांनी तांदळाच्या कोंड्यातून या जीवनसत्त्वाचे स्फटिक मिळविले. आणि ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांनी १९३० च्या दशकात थायमिन न मिळालेल्या कबुतरांच्या मेंदूचा अभ्यास करून दाखविले की रचनेत बिघाड दिसण्यापूर्वीच रासायनिक क्रियेत बिघाड झालेला असतो. थायमिन घालताच परीक्षानळीतील त्या ऊतीचा प्राणवायूचा वापर सुधारत असे.

पीटर्स यांची कथा रसशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढेही वाचावी. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोमलयुक्त युद्धवायूवर उतारा शोधला. त्रिसंयुजी सोमल लिपोइक आम्लाच्या दोन गंधक-अग्रांना घट्ट पकडतो आणि वर सांगितलेला दरवाजाच बंद करतो. त्यास तितक्याच घट्ट पकडणारे, दोन गंधक-अग्रे असलेले दुसरे द्रव्य दिले तर विकर मोकळे होते, हा त्यांचा विचार होता व तो यशस्वी ठरला. सोमल, हरताळ, मनःशिला यांच्या कल्पांत शोधन, मात्रा व कालमर्यादा यांचा आग्रह का धरावयाचा, याचे पेशीच्या पातळीवरील एक कारण येथे मिळते. हातपायांची जळजळ व बधिरता घेऊन आलेल्या रुग्णास ‘बाहेरून काही पुड्या घेता का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

आता प्रत्यक्ष व्यवहारातील सर्वांत गंभीर मुद्दा. थायमिनचा शरीरातील एकूण साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असून आहारातून भर पडली नाही तर दोन-तीन आठवड्यांत तो आटतो. दीर्घकाळ मद्यपान करणारा व धड न जेवणारा मनुष्य, गरोदरपणात अनावर उलट्या होत असलेली स्त्री, लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, दीर्घ उपवास करून आलेला मनुष्य, यांची गाडगी आधीच फुटलेली असतात. अशा रुग्णास एकदम साखरपाणी, ग्लुकोजची सलाइन किंवा केवळ तांदळाची पेज मोठ्या प्रमाणात दिली तर पिष्टाचा लोंढा त्या अरुंद दरवाजावर आदळतो आणि उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते. डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, तोल जाणे व बुद्धिभ्रम ही वर्निके यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराची लक्षणे होत. तिन्ही एकाच वेळी दिसतीलच असे नाही, किंबहुना बहुधा दिसत नाहीत. विलंब झाल्यास स्मृतीची हानी कायमची होते.

आपल्या संदर्भात याचा अर्थ असा की मद्यपी किंवा कृश रुग्णाचे लंघन, वमन, विरेचन ठरविताना आणि त्यानंतरचा मंड-पेयादी संसर्जनक्रम देताना बलाबल पाहणे हा औपचारिक संस्कार समजू नये. संहितांनी दुर्बलास शोधन निषिद्ध मानले आहे. त्या निषेधास या माहितीने अधिकच धार येते. संशय येताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. तेथे थायमिन शिरेवाटे, ग्लुकोजच्या आधी किंवा त्यासोबत दिले जाते. रक्तशर्करा घातक प्रमाणात उतरलेली असेल तर मात्र थायमिनची वाट पाहत ग्लुकोज रोखून ठेवावयाचे नसते.

जाता जाता तांदळाविषयी. आंध्रच्या उत्तर किनारपट्टीवर, जेथे सडीक कच्चा तांदूळ खाल्ला जाई, तेथे पूर्वी बेरीबेरीचा प्रादुर्भाव होता. कोकण-गोव्यातील उकडा तांदूळ मात्र साळीसकट भिजवून वाफविला जात असल्याने कोंड्यालगतचे थायमिन दाण्याच्या आत शिरते आणि पुढे सडताना टिकून राहते. शहरात गेलेल्या पिढीने हा तांदूळ ‘जाडाभरडा’ म्हणून टाकला आहे.

ज्वारी, मका आणि नियासिन

नियासिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा मुख्यतः मका खाणाऱ्या प्रदेशांचा रोग. मक्यातील नियासिन बद्ध स्वरूपात असते व आतड्यात सुटत नाही. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या निवळीत शिजवीत, त्यामुळे ते मोकळे होई आणि त्यांना हा रोग होत नसे. युरोपने मका नेला, चुन्याची निवळी तेवढी मागे ठेवली.

दख्खनमध्ये हा रोग ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत आढळला, हे विशेष. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मत मांडले की ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाचे आधिक्य नियासिनच्या चयापचयात बाधा आणते. या मतावर पुढे बराच वाद झाला. निर्विवाद भाग एवढा की शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही नियासिन बनविते, सुमारे ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम या हिशोबाने. म्हणून भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाण्याची चटणी असेल तर ज्वारीस दोष देण्याचे कारण नाही. नुसती भाकरी आणि मिरची यांवर वर्ष काढणाऱ्याची गोष्ट वेगळी.

पेलाग्रात उन्हाला उघड्या पडणाऱ्या त्वचेवर, म्हणजे मानेभोवती, हाताच्या पाठीवर, दोन्ही बाजूंस सारखे काळपट, खरखरीत चट्टे उठतात. सोबत अतिसार व मनोविभ्रम असतो. केवळ त्वचा पाहून कुष्ठाची चिकित्सा चालू करण्याचा मोह येथे होतो. क्षयासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांतही हे चित्र दिसू शकते, कारण ते औषध बी-६ चे कार्य रोखते आणि ट्रिप्टोफॅनपासून नियासिन बनण्यास बी-६ लागते. क्षयरुग्णास बी-६ ची गोळी जोडून देण्याचे एक कारण हे.

बी-१२ : थोडे सविस्तर, बाकीचे थोडक्यात

बी-१२ चा ऊर्जानिर्मितीतील प्रत्यक्ष सहभाग छोटा आहे. विषम संख्येची मेदाम्ले व काही अमिनो आम्ले यांचे अवशेष क्रेब्ज चक्रात आणण्याच्या एका पायरीवर ते लागते. त्याच्या अभावाने येणाऱ्या थकव्याचे मोठे कारण रक्तनिर्मितीतील बिघाड हे होय. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे अभाव हळूहळू, न कळत येतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे मधुमेही, आम्लपित्तावरील गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे आणि दूधही न घेणारे शाकाहारी यांच्यात तो विशेष पाहावा. माझ्याकडे आलेल्या एका शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांना आठ वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू होते. तळपायांची जळजळ ‘साखरेमुळेच’ असे त्यांना सर्वांनी सांगितले होते. रक्तशर्करा तर उत्तम आटोक्यात होती. बी-१२ तपासले असता फारच कमी निघाले. इंजेक्शनांनी काही महिन्यांत सुई ओवताना बोटांना येणारा बधिरपणा प्रथम गेला, पायांची जळजळ नंतर. मधुमेहीची प्रत्येक जळजळ प्रमेहाचा उपद्रव नसते आणि प्रत्येक बी-१२ ची उणीवही नसते, तपासून पाहावे लागते.

औषधी दुकानांत स्पिरुलिनाच्या गोळ्या ‘शाकाहारी बी-१२’ म्हणून विकल्या जातात. त्यातील बहुतांश द्रव्य हे बी-१२ सारखे दिसणारे, परंतु मानवी शरीरास निरुपयोगी असे असते. ग्राहकास हे स्पष्ट सांगावे.

रायबोफ्लेविनमुळे मूत्र गर्द पिवळे होते. मूत्रपरीक्षा करून पित्ताचे अनुमान बांधण्यापूर्वी रुग्ण बी-कॉम्प्लेक्स घेतो काय, हे विचारून घ्यावे. हे जीवनसत्त्व प्रकाशाने नष्ट होते, म्हणून द्रवरूप औषधांच्या पारदर्शक बाटल्या काचेच्या कपाटात उन्हाकडे तोंड करून मांडू नयेत. पँटोथेनिक आम्ल जवळजवळ सर्व अन्नात असल्याने त्याचा एकट्याचा अभाव व्यवहारात आढळत नाही. जीवनसत्त्व सी हे या साखळीचा घटक नसले तरी मेदाम्लांना तंतुकणिकेत वाहून नेणारे कार्निटिन बनण्यास ते हातभार लावते. आमलकीच्या रसायनगुणाचे संपूर्ण स्पष्टीकरण मात्र एवढ्यावर होत नाही.

अग्नीविषयी

अलीकडे परिसंवादांतून ‘तंतुकणिका म्हणजेच धात्वग्नी’ असे सूत्र ऐकू येते. वाग्भटांनी कायाग्नीचे अंश धातूंत वसतात असे म्हटले आहे, त्यामुळे हे साम्य सुचणे स्वाभाविक आहे. तथापि दोहोंस समानार्थी ठरविणे मला उचित वाटत नाही. अग्नी ही संकल्पना कार्यावरून, रुग्णाच्या लक्षणांवरून बांधलेली आहे. तंतुकणिका हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा अवयव आहे. ओढूनताणून समीकरण मांडण्यापेक्षा चिकित्सेत उपयोगी पडेल असा भेद करावा. अन्नात जीवनसत्त्व आहे परंतु ग्रहणी दुष्ट असल्याने ते शोषले जात नाही, तेथे दीपन-पाचन व ग्रहणीची चिकित्सा हेच मूळ काम होय, आणि तेथे नुसत्या गोळ्या गिळवून भागत नाही. अन्नातच ते नाही, अथवा जठरातील ज्या घटकामुळे बी-१२ शोषले जाते तो घटकच नष्ट झाला आहे, तेथे कितीही दीपन केले तरी नसलेले द्रव्य उत्पन्न होणार नाही. ते द्यावेच लागेल.

दुकानदारांसाठी

एनएडी वाढविणारे म्हणून एनएमएन इत्यादी महागडे पदार्थ आता बाजारात आले आहेत. ते घेतल्याने रक्तातील एनएडी वाढते, हे मानवांतील चाचण्यांत दिसले आहे. त्याने वार्धक्य थांबते किंवा निरोगी माणसाचे बळ वाढते, हे सिद्ध झालेले नाही. काठावरच्या गाडग्यांचा दृष्टान्त येथेही आठवावा.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे निरुपद्रवी असतात हा समजही सरसकट खरा नाही. बी-६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास तेच चेतातंतूंचा विकार उत्पन्न करते, तेव्हा मुंग्या येतात म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ‘न्यूरो’ गोळ्या एकाच वेळी घेणाऱ्या ग्राहकाच्या सर्व पट्ट्या एकत्र करून त्यांतील बी-६ ची बेरीज पाहावी. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही पद्धतींनी केलेल्या रक्ततपासण्यांचे, विशेषतः थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या निदानातील ट्रोपोनिनच्या तपासणीचे, आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी इशारा दिला होता. अशा ग्राहकाने रक्त देण्यापूर्वी ही गोळी चालू असल्याचे प्रयोगशाळेस सांगावे आणि किती दिवस आधी बंद करावी ते तेथेच विचारून घ्यावे. छातीत दुखू लागल्याने तातडीने नेलेल्या रुग्णाच्या बाबतीत थांबण्यास वेळ नसतो, तेव्हा ही माहिती घरच्यांनी डॉक्टरांच्या कानावर त्वरित घालावी.